हाली, कलदार आणि मधली वेस

पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर जर्मनीतल्या लहानलहान नगरपालिकांनी स्वतःच्या नोटा छापल्या. नाणी लोकांनी घरात दडवली होती आणि बाजारात मोड मिळेना. बीलेफेल्ड गावाने तर रेशमी कापडावर नोटा काढल्या. मराठवाड्यातल्या आमच्या वैजापूरने स्वतःची नोट कधी काढली नाही, पण युद्धाने आणलेला कागदी पैसा या गावानेही वापरला आहे.

१९१८ साली चांदी इतकी महागली की रुपयातल्या धातूची किंमत रुपयापेक्षा वर जाऊ लागली. इंग्रजांनी आदल्याच वर्षी एक रुपयाची नोट काढली होती. पुढे अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानला चांदी दिली. याच टंचाईत हैदराबादच्या निजाम सरकारने कागदी चलनाचा कायदा केला आणि हाली सिक्क्याच्या, म्हणजे संस्थानच्या स्वतःच्या चलनाच्या, नोटा आल्या.

या नोटा लंडनच्या वॉटरलो कंपनीत छापून बोटीने येत. मे १९२२ मध्ये ‘इजिप्त’ ही बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली. तिच्यात सोन्याचांदीबरोबर निजामाच्या कोऱ्या नोटांचे गठ्ठेही होते. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोने काढले, तेव्हा त्या नोटाही वर आल्या. समुद्राने डागाळलेल्या या नोटा आज संग्राहक मोठ्या हौसेने जपतात.

मला मात्र त्या नोटेवरची मराठी महत्त्वाची वाटते. १९१८ हेच उस्मानिया विद्यापीठाचे वर्ष. शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठवाड्यातल्या पोराला मातृभाषेतून वरचे शिक्षण मिळत नव्हते. नोटेवर मात्र उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम लिहावी लागली. शेतकऱ्याला ती वाचता आली नसती, तर त्याने कापूस देऊन कागद घेतला नसता. ज्या दरबाराने आमची भाषा विद्यापीठाबाहेर ठेवली, त्याला बाजारात तिच्याच आधाराने विश्वास मागावा लागला.

वैजापूर तर निजामी हद्दीच्या वेशीवरचे गाव. जवळच कोपरगाव, पश्चिमेला येवला, आणि रोटेगावला गाडीत बसले की मनमाड. तिकडे सगळीकडे इंग्रजी अंमल, म्हणजे कलदार, इंग्रजांचा रुपया. शंभर कलदाराला सुमारे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा हिशेब व्यापाऱ्याला तोंडपाठ असे. या अदलाबदलीतला वटाव कोणाच्या पदरात पडतो, हे सावकाराला ठाऊक होते. कुळाला बहुधा नसे. दोन चलनांच्या या वेशीवर गरिबानेच जास्त गमावले, असे माझे ठाम मत आहे.

नोव्हेंबर १९४७ मध्ये निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला आणि त्यानंतर लवकरच निजाम सरकारने हिंदुस्थानी चलन संस्थानात बेकायदा ठरवले. दिल्लीशी झालेल्या वादात हा मोठा मुद्दा होता. रोज येवल्या-कोपरगावशी देवघेव करणाऱ्या तालुक्याला त्याची झळ किती बसली असेल, हे नकाशा पाहूनच कळते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, तरी हाली रुपया लगेच गेला नाही. भारतीय रुपयाबरोबर तो काही वर्षे चालला आणि १९५९ साली चलनातून कायमचा बाद झाला.

नोटा संग्राहकांकडे आहेत. त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती लाल बासनातल्या खतावण्यांची. हाली आणि कलदार असे दोन्ही हिशेब मांडलेली एखादी वही आपल्या माळ्यावर असेल, तर यंदाच्या वहीपूजनाला ती खाली काढा, पाने नीट वाचा, आणि दिवाळीच्या सफाईत रद्दीवाल्याला देऊ नका.