राजीखुशी

आमच्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली, की रस्ता माणसांनी भरून जातो. त्यांतला कोण आपल्या पायांनी आला आणि कोण आणला गेला, हे चेहऱ्यावरून कळत नाही. पोलिसालाही कळत नाही. म्हणून त्याला विचारावे लागते. ओळखपत्र कुणाजवळ आहे? मजुरी कुणाच्या हाती पडते? उचल किती घेतली? उद्या गावी निघालास तर अडवील कोण? हे प्रश्न मुकादमाला दूर ठेवूनच विचारायचे. कारण एकाची उत्तरे दुसराच देऊ लागला, की तीच पहिली खूण.

पण पुष्कळदा उत्तर येते, ‘साहेब, मी राजीखुशीने आलो.’ खरा पेच येथे पडतो. जो राजी आहे, त्याला सोडवायचे कोणत्या अधिकाराने?

२०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुलांची हकीकत उघडकीस आली. थोडे पैसे, एखादी मेंढी आई-बापांच्या पदरात टाकून लेकरे मेंढ्या राखायला नेलेली. त्यांतली काही आमच्याच जिल्ह्यात. एक मुलगी दगावली, तेव्हा गुन्हे दाखल झाले. आई-बापांनी होकार दिला होता, असे कुणी म्हणेल. मी म्हणतो, ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही, त्याच्या ‘होय’ला संमती म्हणू नये.

कायद्याचेही म्हणणे हेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार मानवी तस्करीच्या गुन्ह्यात पीडिताची संमती गैरलागू ठरते; १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तर वेठीचे कर्जच रद्द केले. मात्र सुटकेच्या नावानेही माणूस कोंडला जातो. म्हणून २०२२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणगृहांत मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या प्रकरणांचा आढावा घेण्यास राज्यांना सांगितले. मला ही दोन्ही पावले एकाच न्यायाची वाटतात : दाराची कडी आतून उघडते की नाही, एवढे पाहावे, दार मुकादमाचे असो वा सरकारचे.

पोलिसाचे काम कडी काढण्याचे. पुढचे काम आपले आहे. सुटलेला माणूस त्याच उपासमारीत परतला, तर उचल घेऊन मुकादम उभाच असतो. आमच्या वसाहतीच्या परिसरात स्नेहालयासारखी संस्था अशांना आसरा देते. पण एका संस्थेच्या अंगणात सगळा जिल्हा मावणार नाही.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. प्रत्येक टोळी वेठीची नसते, हे खरे. तरी फराळाची साखर मोजताना ती कुणाच्या राजीखुशीची, एवढे विचारण्याइतकी फुरसत आपल्याला सणात नक्कीच असते.