बादशहाचा दोष त्याला कोणीं सांगावा?

सायंकाळीं चावडीवर किंवा ओट्यावर चार माणसें बसलीं, म्हणजे अकबर-बिरबलाच्या गोष्टी निघतात. त्यांतल्या बहुतेक इतिहासांत घडलेल्या नाहींत, हें सांगणाराहि जाणतो व ऐकणाराहि जाणतो. तरी त्या आपणांस गोड लागतात. कां बरें? त्यांत एक शहाणा चाकर बादशहाची चूक बादशहाच्या पदरांत घालतो, आणि बादशहा रागावण्याऐवजीं हंसतो. थोराला त्याचा दोष सांगणारा कोणी असावा, आणि सांगणाऱ्याचें डोकें धडावर राहावें, ही गरिबाच्या मनांतली जुनी आशा त्या गोष्टींत बोलत असते. परंतु खऱ्या बादशहापुढें असें कोणीं केलें आहे काय? आणि ख्रिस्ती माणसानें तें कोणत्या रीतीनें करावें? ह्याविषयीं मंडळीच्या इतिहासांतील एक प्रकरण विचार करण्याजोगें आहे.

थेस्सलनीका हें नगर आपल्या ओळखीचें आहे. पौलाचीं दोन पत्रें तेथल्या मंडळीला लिहिलेलीं आहेत. इ. स. ३८० सालीं रोमन बादशहा थिओडोशियस तेथें फार आजारी पडला, व त्या आजारांत त्यानें बाप्तिस्मा घेतला. दहा वर्षांनीं, इ. स. ३९० सालीं, त्याच नगरांत मोठा दंगा झाला. बुथेरिक नांवाच्या सेनापतीनें रथांच्या शर्यतींतील एका लोकप्रिय सारथ्याला दुष्कर्माबद्दल तुरुंगांत टाकिलें होतें. त्याला सोडावा म्हणून लोक खवळले, आणि त्यांनीं सेनापतीचाच जीव घेतला. बादशहा तेव्हां इटलींत मिलान येथें होता. संतापाच्या भरांत त्यानें नगराला शासन करण्याचा हुकूम दिला. शर्यतीच्या मैदानांत जमलेल्या लोकांवर शिपाई सोडण्यांत आले, आणि अपराधी कोण व निरपराधी कोण हें कोणीं पाहिलें नाहीं. मेलेल्यांची संख्या थिओडोरेट हा इतिहासकार ७,००० देतो. बादशहानें मागाहून हुकूम फिरविला, परंतु तोंवर उशीर झाला होता.

पुढें काय झालें, ह्याची लोकांच्या तोंडीं असलेली कथा अशी: बादशहा नेहमींप्रमाणें मिलान येथील मंदिराकडे आला, तेव्हां बिशप अंब्रोज दारांत आडवा उभा राहिला आणि रक्तानें भरलेल्या हातांनीं आंत येऊं नकोस म्हणून त्यानें त्याला सर्वांदेखत परत लाविलें. ही कथा थिओडोरेटानें सुमारें साठ वर्षांनंतर लिहिली. चित्रकारांना ती फार आवडली. रूबेन्स व व्हॅन डाइक ह्यांनीं सतराव्या शतकांत रंगविलेला तो दाराचा देखावा व्हिएन्ना व लंडन येथील चित्रालयांत अजून लोक पाहतात.

परंतु अंब्रोजचें स्वतःचें पत्र आज उपलब्ध आहे, व त्यावरून निराळीच हकीकत कळते. असें करूं नये म्हणून त्यानें बादशहाला आधींच वारंवार विनविलें होतें. घात झाल्यावर तो आजारपणाचें कारण सांगून शहराबाहेर गेला, आणि एकट्या बादशहानेंच वाचावें म्हणून त्यानें स्वतःच्या हातानें पत्र लिहिलें. त्यांत त्यानें दावीद राजा व नाथान संदेष्टा ह्यांची आठवण दिली. तुला लाज आणावी म्हणून मी लिहीत नाहीं, तर तूं हें पाप आपल्या राज्यांतून दूर करावेंस म्हणून लिहितों, आणि तूं हजर असतां प्रभुभोजनाचा विधि करण्याचें मला धैर्य नाहीं, असा त्या पत्राचा भाव आहे. बादशहानें तें मानिलें. राजचिन्हें उतरवून ठेवून तो मंडळींत सर्वांसमोर आपल्या पापाबद्दल रडला. इ. स. ३९५ सालीं तो मेला, तेव्हां अंत्यविधीच्या भाषणांत अंब्रोज म्हणाला कीं, खुशामत करणाऱ्यापेक्षां दोष दाखविणारा ज्याला बरा वाटे, अशा ह्या माणसावर माझी प्रीति होती.

दाराचा देखावा रंगवितां येतो. पत्राचा कसा रंगवावा? दारांत बादशहाची मान खालीं गेली, तर बिशपाची उंच होते. पत्रांत बिशपाला कांहींच मिळत नाहीं. आणि प्रभूनें तरी काय शिकविलें आहे? भावानें अपराध केला, तर प्रथम एकांतीं जाऊन त्याला सांगावें.

येथें अंब्रोजची दुसरी बाजूहि झांकून ठेवितां येत नाहीं. इ. स. ३८८ सालीं फरात नदीवरील कॅलिनिकम येथें तेथल्या बिशपाच्या चिथावणीनें ख्रिस्ती लोकांनीं यहूद्यांचें सभास्थान जाळिलें. तें बिशपानें स्वखर्चानें पुन्हा बांधून द्यावें, असा थिओडोशियसाचा हुकूम झाला. हा न्याय होता. परंतु अंब्रोजनें भर उपासनेंत बादशहाला गांठलें, आणि प्रकरण सोडून दिल्याचें वचन मिळेपर्यंत पवित्र विधि पुढें चालविला नाहीं. त्या दिवशीं तो खरोखरच सर्वांसमोर आडवा उभा राहिला, आणि तो न्यायालाच आडवा झाला! ज्या तोंडानें परक्याचा दोष सांगावयाचा, तें आपल्या पक्षाचा दोष आला म्हणजे कसें मुकें होतें, हें ह्यावरून दिसतें.

बंधुभगिनींनो, आपल्या खेड्यांत बादशहा नाहीं. परंतु ज्याच्यापुढें आपली जीभ टाळ्याला चिकटते, असा कोणीतरी प्रत्येक गांवांत असतो, आणि मंडळींतहि असतो. गरीब मजूर दारू प्याला, तर त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याला पंचांना एक रविवार पुरतो. ज्याची वर्गणी मोठी, त्याच्या बाबतींत वर्ष पुरत नाहीं. हें मी इतरांविषयींच लिहीत नाहीं. एका सधन सभासदानें आपल्या मजुरांची मजुरी अडवून ठेविली आहे, हें मला ठाऊक होतें. सुगीचें दान यावयाचें होतें, म्हणून मी दोन महिने गप्प राहिलों. शेवटीं भीत भीत त्याच्या घरीं गेलों व एकांतीं बोललों. तो बराच वेळ खालीं पाहत राहिला, आणि मग म्हणाला, “पाळकसाहेब, हें आधीं कां नाहीं सांगितलेंत?” त्यानें मजुरी दिली. पण त्या दोन महिन्यांत एका मजुराच्या घरांतली शेळी विकली गेली होती, आणि ती कांहीं परत आली नाहीं.

बादशहाचा दुसरा हुकूम उशीरां निघाला. माझा शब्दहि उशीरां निघाला. पश्चात्तापानें पाप्याला क्षमा मिळते, परंतु थेस्सलनीकाचे मेलेले उठले नाहींत. म्हणून ज्याला कोणाचा दोष सांगावयाचा आहे, त्यानें प्रथम स्वतःला व आपल्या पक्षाला तोच माप लावावा. मग एकटें जावें, लवकर जावें, आणि ज्याचें नुकसान झालें त्याचें नांव घेऊन बोलावें. बिरबलाप्रमाणें बुद्धि सर्वांना मिळालेली नाहीं, आणि ऐकणारा हंसेलच असेंहि नाहीं. तथापि पुष्कळदां तो मोठा माणूस आंतून कोणाची तरी वाट पाहत असतो, आणि आपण मात्र त्याच्या दाराबाहेरूनच परत फिरतों.