धूर आणि दोष

गीतेच्या अठराव्या अध्यायातला अठ्ठेचाळिसावा श्लोक आपल्याकडे बहुधा अर्धाच सांगितला जातो. सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये, एवढे ऐकवले जाते. उत्तरार्धात त्याचे जे कारण दिले आहे ते मागे पडते. माणूस जे जे आरंभतो ते ते दोषाने वेढलेले असते, अग्नी धुराने वेढलेला असतो तसे, असे ते कारण आहे. शंकराचार्य या दोषाचे मूळ कर्माच्या त्रिगुणात्मकतेत पाहतात. म्हणजे दोष बाहेरून येऊन चिकटत नाही, तो घडणीतच असतो. हे खरे आहे का? की काम बिघडले की हात झटकायला सोयीचे पडते म्हणून आपण ते धरून ठेवले? नुसत्या शब्दांवर वाद घातला तर दोन्ही बाजू सारख्याच पटत राहतात. म्हणून हा श्लोक अशा एका वस्तूला लावून पाहावा, जिच्या पोटात अग्नी आणि धूर खरोखर आहेत. फियाटचे १.३ मल्टिजेट हे छोटे डिझेल इंजिन त्यासाठी फार योग्य आहे.

२००३ साली हे इंजिन युरोपात आले. भारतात ते मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये, टाटांच्या इंडिका व्हिस्टात, फियाटच्या पुंटो आणि लिनियात बसले. हरियाणात मानेसरला आणि आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला ते तयार होत होते. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते गेले की गाड्यांच्या जगात त्याला 'नॅशनल इंजिन' हे नावच पडले. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६९.६ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर, मिळून १२४८ सीसी. सोळा व्हॉल्व्ह, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, ते फिरवायला पट्ट्याऐवजी साखळी. भारतातल्या सुरुवातीच्या रूपात ७५ पीएस ताकद आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क. या इंजिनाची खरी करामत डिझेल फवारण्यात आहे. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १४०० बारपर्यंत चढतो, म्हणजे गाडीच्या चाकातल्या हवेच्या सहाशे पटींहून अधिक. आणि हे डिझेल एका दमात न सोडता एकाच ज्वलनासाठी पाच हप्त्यांपर्यंत वाटून सोडता येते. त्यामुळे जुन्या डिझेल गाड्यांची ठकठक बरीच कमी झाली आणि एव्हरेज वाढले. कौतुक करावे असेच हे काम आहे, आणि त्याचे दोष पाहायचे ते हे कौतुक मनात ठेवूनच.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. भरपूर हवेत, चढ्या तापमानाला ज्वलन झाले की काजळी कमी होते. पण त्याच तापमानाला हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. डोळ्यांना ती सहसा दिसत नाहीत, फुप्फुसांना मात्र त्रास देतात. ती कमी करायची तर आच उतरवावी लागते. त्यासाठी ईजीआर व्हॉल्व्हमधून जळालेल्या धुराचा काही भाग पुन्हा आत घेतात. आच उतरते, नायट्रोजन ऑक्साइड घटतात आणि काजळी वाढते. अभियंते या दोन टोकांमधला बिंदू शोधत राहतात. नुसत्या ज्वलनाची घडी बदलून दोन्ही एकदम शून्यावर आणता येतील, असा बिंदू त्यांना सापडलेला नाही. पुढे ईजीआरमधून आलेली काजळी क्रँककेसमधून येणाऱ्या तेलाच्या वाफेत कालवली जाते आणि इनटेकच्या आत डांबरासारखा थर बसतो. व्हॉल्व्ह अडकतो, पिकअप जातो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो. या इंजिनाची ही नेहमीची तक्रार आहे. पण ती आली कुठून ते पाहा: हवेतले विष कमी करायला जो भाग बसवला, त्याच्याच कामातून.

साखळीचीही गोष्ट अशीच आहे. रबरी पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. साखळीला तशी मुदत नाही, म्हणून ती बसवली. पण साखळीच्या प्रत्येक कडीत एक पिन फिरत असते. काजळीने काळे झालेले तेल त्या पिनांना बारीक पॉलिशपेपरसारखे घासत राहते. एका कडीत झीज केसाएवढीही नसते. सगळ्या कड्यांची मिळून साखळी लांबते. तिला ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल कमी असेल किंवा घट्ट झाले असेल, तर सकाळी इंजिन सुरू करताच पहिले काही सेकंद पुढच्या बाजूने खडखड ऐकू येते. त्या आवाजाकडे दुर्लक्ष झाले की एखाद्या दिवशी साखळी दात सोडते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि हेड उतरवावे लागते. पट्टा असता तर मालकाने तो बदलण्याची तारीख लक्षात ठेवली असती. साखळीला तारीख नाही, हा तिचा गुण. आणि त्याच गुणामुळे तिच्याकडे कोणी पाहत नाही. इंजेक्टरचेही तसेच. इतक्या दाबाला इतकी बारीक फवारणी हवी, म्हणून आतल्या भागांतली फट काही मायक्रॉनचीच ठेवावी लागते. जुन्या इंजिनांनी पचवले असते ते पाणीमिश्रित डिझेल इथे इंजेक्टर खाऊन टाकते.

यावर रास्त आक्षेप येतो. दोष घडणीतच असेल तर जबाबदार कोणीच उरत नाही. बनवणारा श्लोकाकडे बोट दाखवील, तेल न बदलणारा मालकही दाखवील. या ठिकाणी आयुर्वेदाचा एक जुना भेद उपयोगी पडतो. चरकसंहिता रोगांचे निज आणि आगंतुक असे प्रकार करते: शरीराच्या आतल्या दोषांतून उठतो तो निज, बाहेरच्या आघाताने येतो तो आगंतुक. साखळी लांबणे हा निज दोष; तेल महिनोन्‌महिने न बघणे हा आगंतुक. पण चरकाने हेही ओळखले आहे की दोन्ही एकमेकांत मिसळतात. निज दोष आहे हे एकदा माहीत झाले की जबाबदारी वाढते. धूर होणारच हे जाणणारा माणूस चुलीवर धुराडे बांधतो. धूर होणारच नाही असे मानणाऱ्याला धुराडे सुचतच नाही.

श्लोकाचा गैरवापर कसा होतो, तेही याच इंजिनावर दिसते. काही गॅरेजांत ईजीआरला पत्र्याची चकती लावून तो बंद करतात. इंजिन स्वच्छ राहते, पिकअप परत येतो, काळा धूर जातो. मालक समाधानी असतो. पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. त्यामुळे प्रमाणपत्रही मिळते. दिसणारा दोष घालवून न दिसणारा वाढवला, आणि तो दुसऱ्याच्या श्वासात ढकलला. हेच फोक्सवॅगनने फार मोठ्या प्रमाणावर केले. तपासणी सुरू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन आवरणारे सॉफ्टवेअर त्यांच्या डिझेल गाड्यांत होते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत ते उघड झाले, आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न निघाला. अग्नीला धूर असणे हे पाप नव्हे. धूर नाही असे लिहून देणे हे पाप आहे, आणि गीतेचा हा श्लोक त्या लबाडीला आधार देत नाही, कारण तो मुळात दोष कबूल करून सुरू होतो.

सगळ्यात जड आक्षेप पूर्वार्धावर आहे. 'सहज' म्हणजे जन्मासोबत आलेले, असा अर्थ लावून याच श्लोकाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना जातीच्या कामाला जुंपून ठेवले. तो अर्थ नाकारलाच पाहिजे, आणि आडवळण न घेता नाकारला पाहिजे. माझ्या मते उत्तरार्धच पूर्वार्धाच्या त्या वापराला उत्तर देतो. सगळेच आरंभ सदोष असतील तर कोणतेही काम जन्माने पवित्र नाही आणि कोणतेही विटाळाचे नाही. मग कोणते काम ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हे दोषाचे मोजमाप करूनच ठरवावे लागते. डिझेलच्या बाबतीत ते मोजमाप झाले. भारत स्टेज ४ या उत्सर्जन-नियमांत डिझेल कारला दर किलोमीटरला ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, भारत स्टेज ६ मध्ये ती ०.०८ वर आली. कणांची मर्यादा ०.०२५ वरून ०.००४५ ग्रॅमवर उतरली. छोट्या गाडीच्या किमतीत या मर्यादा पाळणे परवडेना, आणि १ एप्रिल २०२० पासून मल्टिजेटने भारतातल्या नव्या गाड्यांचा निरोप घेतला. तो निर्णय योग्यच होता. सदोष म्हणून टाकू नये हे खरे. पण तेच काम कमी दोषात करता येत असताना जुन्याला चिकटून राहणे, याला श्लोकात आधार सापडत नाही.

रस्त्यावर मात्र ही इंजिने अजून पुष्कळ आहेत. तुमच्याकडे असेल तर गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन थंड होऊ द्या आणि ऑइलची पट्टी ओढून पाहा. या इंजिनाच्या पोटात तेल जेमतेम तीन लिटरच्या आसपास मावते.