आग्नेय कोपरा आणि खिडकी

वास्तुशांतीला बोलावणं आलं की सामानाच्या यादीआधी एक प्रश्न हमखास येतो : “गुरुजी, शेगडी आग्नेयेलाच हवी ना?” पुण्यातल्या नव्या फ्लॅटांत भिक्षुकी करताना तो इतकेदा ऐकलाय की आता उत्तर देण्याआधी मी स्वयंपाकघरात जाऊन खिडकी कुठे आहे ते बघतो. दिशा चुकली तर दोष लागतो, ही भीती लोकांच्या मनात पक्की आहे. पण दोष नेमका कशाला म्हणायचा?

मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरात हिंसा घडण्याच्या पाच जागा सांगितल्या आहेत. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा, या पंचसूना. पहिलं नाव चुलीचं. रांधायचं म्हटलं की कीडमुंगी मरणार, ते टळत नाही, म्हणून पंचमहायज्ञ सांगितले. जे टळत नाही त्याला प्रायश्चित्त आहे. जे टाळता येत होतं त्याचं काय? कोंदट ओट्यापाशी दोन्ही वेळा उभं राहणाऱ्या बाईच्या छातीत जो धूर जातो, तो वैश्वदेवाच्या आहुतीने फिटत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि आपलं शास्त्र अग्नीच्या आजूबाजूबद्दल कधीच बेफिकीर नव्हतं. श्रौत यागात आहवनीयाच्या पश्चिमेला, दक्षिणेला आणि उत्तरेला परिधी ठेवतात, म्हणजे तीन काष्ठं. पूर्वेला ठेवत नाहीत; तिकडून सूर्य उगवतो, तोच राखण करतो, असं तैत्तिरीय संहितेत म्हटलं आहे. घरच्या होमातही आहुती घालण्याआधी परिसमूहन आणि पर्युक्षण होतं. अग्नीभोवतीची जागा आधी झाडून घ्यायची, भोवती पाणी फिरवायचं, तूप नंतर.

अलीकडे एका घरी शेगडी अगदी आग्नेय कोपऱ्यात बसवली होती. एका अंगाला फ्रिज खेटलेला, बर्नरच्या डोक्यावर लाकडी कपाट, खाली बंद ट्रॉलीत सिलिंडर. खिडकी त्याच पूर्वेच्या भिंतीला, पण पार दुसऱ्या टोकाला, आणि तिच्यासमोर डब्यांची चळत. मी शेगडी सरकवायला सांगितली तर आजी कळवळून म्हणाल्या, “अहो, अग्नीची जागा मोडायची?” मी म्हटलं, “आजी, रांधताना तोंड पूर्वेलाच राहतंय. सूनबाईंना श्वास घेता येऊ दे.” शेगडी खिडकीच्या अलीकडे आली. अगदी खिडकीखाली नको; वाऱ्याने ज्योत विझते आणि कच्चा गॅस सुटत राहतो. वरचं कपाट काढून तिथे धूर बाहेर टाकणारी चिमणी लागली, बर्नरपासून साधारण 65 ते 75 सेंटीमीटरवर.

ट्रॉलीपाशी मात्र मी अडून बसलो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून दाराला अगदी खाली जाळी हवी. पाइपने येणारा गॅस हलका, तो छताकडे जातो; त्याला वर वाट हवी. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर, नळी दीड मीटरच्या आत आणि नजरेसमोर, पाच वर्षांनी बदललेली. हे सगळं मी संकल्पाआधी बघतो. बरोबरीचे काही भिक्षुक म्हणतात, हे आपलं काम नव्हे. मग ज्या घरात अग्नीची स्थापना करायची, तिथल्या अग्नीची काळजी कुणी करायची?

देवघर स्वयंपाकघरात असेल तर आणखी एक गोष्ट सांगून मगच उठतो. समई जमिनीवर जळते, गळलेला गॅसही तिथेच उतरतो. जरा वास आला की तेवत असलेली समई, निरांजन, उदबत्ती, सगळं विझवायचं. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही आणि 1906 ला फोन बाहेर जाऊन करायचा. समई विझवली म्हणून देव कोपेल का, असं विचारतात. मी सांगतो, नाही कोपणार, आणि ते मी पूर्ण श्रद्धेने सांगतो.