लेकरांच्या चालीने

शास्त्रभाग : उत्पत्ती ३३:१२-१४, मत्तय १८:१०-१४, मार्क ५:३५-४३, लूक २:४१-५०



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या मंडळ्यांतून मुलांसाठी सुट्टीतील बायबल शाळा भरतात. गाणी बसवली जातात, वचने पाठ होतात, रंगीत कागदांची फुले तयार होतात आणि शेवटच्या दिवशी आईबापांसमोर कार्यक्रम होतो. हा उपक्रम शंभर वर्षांहून जुना आहे. १८९८ साली न्यूयॉर्क शहरात हॉज नावाच्या एका ख्रिस्ती भगिनीने गरीब वस्तीतील मुलांसाठी मद्यविक्रीची एक जागा भाड्याने घेतली व उन्हाळ्यात तेथे शास्त्राचे वर्ग चालवले. सुट्टीत रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांना कोणी वाली नाही, हे पाहून तिचे अंतःकरण कळवळले होते. म्हणजे आरंभी शिक्षणाइतकीच देखभालीचीही तळमळ होती. आज आपल्या शाळांत शिक्षण आहे. देखभाल कितपत आहे, हा प्रश्न मी आपणांपुढे ठेवू इच्छितो. तो ठेवण्याचा अधिकार मला माझ्या यशाने नव्हे, तर माझ्या अपराधाने दिला आहे.

मी झाशीस सेवेत होतो तेव्हाची गोष्ट. मंडळीचे नाव लिहीत नाही. दोष माझा होता. मे महिना होता, आणि बुंदेलखंडातला मे म्हणजे काय हे तेथे राहिलेल्यांनाच ठाऊक. पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो व दहा वाजल्यापासूनच लू वाहू लागते. शाळेचा शेवटचा दिवस संपला. निरोप झाले, छायाचित्रे निघाली. मी दिवे-पंखे बंद केले, उपासनामंदिराला कुलूप लावले आणि घरी येऊन समाधानाने जेवलो. रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका मराठी कुटुंबातील सहा वर्षांचा मुलगा पडद्यामागच्या खोलीत झोपी गेला होता, याचा मला पत्ताही नव्हता. तो शेजारच्या मुलांबरोबर गेला असेल असे मला वाटले. तो अजून मंदिरातच खेळत असेल असे त्याच्या घरी वाटले. दीड तासाने त्याची आजी माझ्या दारात आली. आम्ही धावत जाऊन कुलूप उघडले. लेकरू घामाने निथळत दाराशी बसले होते. रडून रडून त्याचा घसा बसला होता.

आजी रागावल्या नाहीत. नातवाला पाणी पाजून झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “पाळकसाहेब, दहा दिवसांत तुम्ही त्याच्याकडून दहा वचनं पाठ करून घेतलीत. जाताना एकदा मोजला असता, तर बरं झालं असतं.”

त्यानंतर कित्येक महिने तो मुलगा रविवारी उंबरठ्यापर्यंत येई आणि आत यायला तयार होत नसे. देवाच्या घराची त्याला भीती वाटू लागली होती, आणि ती भीती मी त्याला दिली होती.

वाचकहो, लूककृत शुभवर्तमानातील ती घटना आठवा. योसेफ व मरीया यरुशलेमेहून परतत होते. येशू सोबतच्या लोकांत असेल असे धरून ते एक दिवसाची वाट चालून गेले. त्यांचे प्रेम उणे नव्हते. तरीही तीन दिवस त्यांनी कष्टी होऊन त्याला शोधले. देवपुत्राच्या आईबापांकडून जे घडले, ते आपल्याकडून घडणार नाही असे समजणे हा गर्व आहे. ‘असेल कोणाबरोबर तरी’ या तीन शब्दांत लेकरे हरवतात.

आता मेंढपाळाकडे पाहा. शंभरांतून एक मेंढरू हरवले हे त्याला कसे कळले? त्याने मोजले म्हणून. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात हा दाखला लहानग्यांना तुच्छ न मानण्याच्या इशाऱ्यालगतच येतो. मोजणे हे कारकुनी काम नव्हे. ती प्रीतीची पहिली पायरी आहे. आलेल्या मुलांची नावे लिहा, निघताना पुन्हा वाचा, कोणते मूल कोणाच्या हाती सोपवले ते टिपून ठेवा, आणि कुलूप लावण्यापूर्वी प्रत्येक खोली डोळ्यांनी पाहा.

दुसरा धडा याकोबाचा. एसाव त्याला बरोबर चलण्याचा आग्रह करतो. याकोब नम्रपणे सांगतो की, लेकरे सुकुमार आहेत, दुभती जनावरे सोबत आहेत, तेव्हा मी त्यांच्या चालीने सावकाश येईन. घाईत हाकले तर कळप मरेल हे त्याला ठाऊक होते. आपल्या शाळांची चाल कोण ठरवतो? पुष्कळदा कार्यक्रमपत्रिका ठरवते. तीन तासांत चार गाणी, दोन गोष्टी व हस्तकला उरकायची म्हणून तहानलेल्या मुलाला ‘थांब जरा’ म्हणून बसवले जाते. झाशीसारख्या ठिकाणी शाळा सकाळी लवकर भरावी व ऊन चढण्याआधी सुटावी. पाणी मागण्याची वाट न पाहता द्यावे.

तिसरा धडा स्वतः प्रभूचा. याईराच्या मुलीला त्याने मरणातून उठवले. एवढा महान चमत्कार झाल्यावर सर्व थक्क झाले असता, तिला काही खायला द्यावे याची आठवण कोणाला झाली? प्रभूलाच. जो जीवन देतो तोच भुकेचीही काळजी वाहतो. तेव्हा मुलांचा खाऊ, त्यांचे पाणी, त्यांचे स्वच्छतागृह या बाबी ‘आध्यात्मिक’ नाहीत असे कोणी म्हणू नये.

एक गोष्ट जड अंतःकरणाने लिहितो. लेकरांना इजा करणारे कधी कधी मंडळीच्या दारातूनही आत येतात. म्हणून कोणीही, मग तो पाळक का असेना, मुलाबरोबर बंद खोलीत एकटा असू नये. नेहमी दोन जबाबदार माणसे असावीत. एखाद्या लेकराने काही सांगितले तर मंडळीच्या अब्रूसाठी त्याचे तोंड बंद करू नका. मुलांच्या लैंगिक छळाविषयी कळल्यास पोलिसांना खबर देणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि १०९८ हा क्रमांक संकटातील मुलांच्या मदतीसाठी रात्रंदिवस चालू असतो. प्रभूने जात्याच्या तळीविषयी दिलेला इशारा या सर्वांहून कठोर आहे.

पाठीशी बालक बांधलेल्या घोडेस्वार राणीचे चित्र झाशीचे नाव घेताच डोळ्यांपुढे येते. परंतु १८५८ च्या जूनमध्ये राणी धारातीर्थी पडल्यावर त्या पोरक्या दामोदररावाला रानावनांतून जपत हिंडणाऱ्या मूठभर इमानी माणसांचे चित्र कोणी काढले नाही. तो जगला, तो त्यांच्यामुळे. आपल्या शाळांतही शेवटच्या दिवसाचे छायाचित्र निघते. मोजणाऱ्याचे, पाणी देणाऱ्याचे, दाराशी उभे राहणाऱ्याचे निघत नाही. मात्र गुप्तातले पाहणारा पिता ते पाहतो.

तो मुलगा पुढे एका रविवारी आत आला. त्याने माझा हात धरून आधी ती पडद्यामागची खोली मला उघडून दाखवायला लावली. मी दाखवली. मग तो आजीशेजारी जाऊन बसला. त्या दिवशी मी काय उपदेश केला ते मला आठवत नाही. त्यानंतर मात्र प्रत्येक खोली पाहिल्यावाचून मी कधी कुलूप लावलेले नाही.

या सुट्टीत आपल्या मंडळीत शाळा भरणार असेल, तर पुढील प्रार्थना करून कामाला लागा :

हे उत्तम मेंढपाळा, तू आपल्या मेंढरांना नावाने ओळखतोस. आमच्या हाती दिलेली लेकरे तुझी आहेत. त्यांच्या चालीने चालण्याचा धीर, त्यांना मोजण्याची दक्षता व त्यांचे ऐकण्याचे कान आम्हांला दे. तुझ्या घराची भीती आमच्यामुळे कोणा लहानग्याला न वाटो. आमेन.