धुराचे पाप कोणाचे?

आपल्या योगशास्त्राने माणसाचे श्वास मोजून ठेवले आहेत. एका अहोरात्रात 21,600. मिनिटाला पंधरा धरले तर हिशेब बरोबर जुळतो. एकही श्वास नामावाचून जाऊ नये, म्हणून ही गणती. पण ज्या वायूवर नाम चालायचे, तो वायूच आपण नासवला तर त्याचा दोष लागतो का?

आमचा मुलूख उसाचा. दिवाळीनंतर तोडी सुरू होतात आणि दिवस मावळला की शेताशेतातून पाचट पेटते. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार व वरची उबदार असते. त्यामुळे धूर वर न जाता गावावर झाकणासारखा बसतो. नेमकी हीच वेळ हरिपाठाची. आमच्या भजनातले एक वृद्ध टाळकरी दम्यामुळे तोडीचे चार महिने देवळाची पायरी चढू शकत नसत. मी कीर्तनात भूतदया सांगत होतो आणि माझ्याच दोन एकरांतले पाचट दरसाल पेटवीत होतो. एकादशी कधी मोडली नाही, मुंगीवर पाय पडू दिला नाही. आपल्या धुराने एका वैष्णवाचा टाळ मुका होत असेल, हे मात्र मनातही आले नाही.

येथे पूर्वपक्ष असा की, 'मारण्याचा हेतूच नव्हता, मग हिंसा कसली? आणि कारखान्यांची धुराडी, रस्त्यावरच्या गाड्या यांच्यापुढे माझे दोन एकर ते किती?' शेतकऱ्याची अडचणही खोटी नाही. मजूर मिळत नाही, खोडव्याला पाणी द्यायची घाई असते.

याचे उत्तर असे. न कळता घडले तोवर हेतूचा आधार चालेल. कळल्यावर तो आधार उरत नाही. धुरातला अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढा असतो. तो नाकात अडत नाही. फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि तेथून रक्तात उतरू शकतो. दमा वाढतोच, पण हृदयविकार आणि पक्षाघातालाही तो कारण होतो. घरातल्या व बाहेरच्या दूषित हवेने जगात वर्षाला सुमारे 70 लाख माणसे अकाली जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तर्कशास्त्रात धूर पाहून अग्नीचे अनुमान करायला शिकवतात. शेजाऱ्याचा खोकला ऐकून आपल्या काडीचे अनुमान करणे, हा त्याचाच पुढचा धडा. कारखानदाराला जाब जरूर विचारावा, पण आपली काडी विझवून.

शिवाय भूमाताही होरपळते. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. जाळले की त्यातले नत्र व सेंद्रिय द्रव्य जाते, वरच्या थरातले जीवजंतू मरतात. तेच सरीत पसरले तर ओल धरते, तण दाबते आणि कुजून खत होते. मी जाळणे सोडले, तेव्हा पहिल्या वर्षी उंदीर वाढले, घरचे रागावले. तरी पुन्हा काडी ओढली नाही.

तोवर ते टाळकरी वैकुंठवासी झाले होते. त्यांची क्षमा मागायची राहिली. चंद्रभागेत स्नान करून ती मिळेल असे मला वाटत नाही. ज्याचा श्वास आपल्यामुळे कोंडतो, त्याच्याही श्वासावर पांडुरंगाचेच नाम चालायचे असते. एवढे ध्यानात ठेवून वागावे, हेच प्रायश्चित्त.

रामकृष्ण हरी.