तारे थांबवावेत की डोंगर?

डोंगरदऱ्या आणि रात्रीचे आकाश टिपण्यासाठी लेन्स घ्यायला निघालेल्या माणसापुढे बहुतेक वेळा शेवटी दोन पर्याय उरतात: १४ मिमीची एफ/२.८ किंवा २४ मिमीची एफ/१.४. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर पहिली लेन्स आडवे शंभर अंशांहून अधिक दृश्य कवेत घेते, दुसरी सुमारे ७४ अंश. दुकानात हा प्रश्न किंमत, वजन आणि काचेचा दर्जा पाहून सुटतो. पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. डोळ्याला जे कधीच तसे दिसत नाही, ते दाखवणाऱ्या चित्राला खरे कधी म्हणायचे?

आधी उजेडाचा हिशेब. फोकल लेंथला एफ-क्रमांकाने भागले की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. १४ मिमीच्या लेन्सचा हा व्यास ५ मिमी भरतो, २४ मिमीच्या लेन्सचा १७ मिमी. क्षेत्रफळ जवळजवळ बारापट, म्हणजे प्रत्येक ताऱ्याकडून सेकंदाला येणारा प्रकाशही तितकाच जास्त. तरुण माणसाची बाहुली काळोखात ७ मिमीपर्यंत उघडते. म्हणजे १४ मिमीच्या लेन्सचे छिद्र आपल्या बाहुलीपेक्षाही लहान, आणि तरीही तिच्या चित्रात डोळ्याला दिसतात त्याहून कितीतरी अधिक तारे उमटतात. डोळा प्रकाश क्षणभरच धरून ठेवतो. सेन्सर मात्र पागोळीखाली ठेवलेल्या घागरीसारखा वीस-वीस सेकंद थेंब साठवत राहतो. शिवाय मंद उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातल्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांना राखाडी दिसतो. फोटोतला तिचा तांबूस-निळा रंग डोळ्यांनी पाहिलेला माणूस नाही.

मग तो फोटो खोटा ठरतो का? १८८३ साली अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी लंडनजवळच्या ईलिंगमध्ये ३६ इंची परावर्ती दुर्बिणीतून मृगातल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्याच दुर्बिणीला डोळा लावून जे तारे दिसत नव्हते, ते काचेच्या प्लेटवर उमटले. त्या ताऱ्यांना डोळ्याची साक्ष नव्हती, पण ते होते.

प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातल्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाची व्याख्या करताना इंद्रिय आणि वस्तू यांच्या संबंधातून उपजलेले, न चुकणारे आणि निश्चित असे ज्ञान, अशा अटी घातल्या. या कसोटीवर छायाचित्र प्रत्यक्ष ठरत नाही. ते अनुमानाच्या जवळ जाते: धुरावरून अग्नी ओळखावा तसे सेन्सरवरच्या खुणेवरून तारा ओळखायचा. अनुमानाला मात्र हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचे तो आधार, निर्दोष लागतो. खूण ताऱ्यामुळेच उमटली, काचेच्या दोषामुळे किंवा नंतरच्या करामतीमुळे नाही, हे सांगता आले पाहिजे.

काचेचा दोष पाहायचा तर चित्राचा कोपरा मोठा करून पाहावा. मध्यभागी तारा सुईच्या टोकाएवढा असतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असेल तर तोच तारा कोपऱ्यात पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसतो. याला कोमा म्हणतात. एफ/१.४ वरून एफ/२.८ वर आले की पंख बरेचसे मिटतात, पण उजेड एक चतुर्थांश उरतो. निकॉनने १९७७ मध्ये ५८ मिमी एफ/१.२ ची ‘नॉक्ट’ लेन्स आणली ती या दोषाला आवर घालण्यासाठीच.

सातव्या शतकात बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने ‘न्यायबिंदू’त भ्रमाची कारणे मोजली. त्यावर लिहिताना आठव्या शतकातल्या धर्मोत्तराने त्यांची विभागणी केली. डोळ्याचा विकार हा इंद्रियातला दोष. गरगर फिरवलेल्या कोलितामुळे दिसणारे वर्तुळ, म्हणजे अलातचक्र, हा पाहिल्या जाणाऱ्या वस्तूकडून येणारा दोष. नावेत बसलेल्याला काठावरची झाडे पळताना दिसतात, तो पाहणारा जिथे आहे त्या जागेचा दोष. रात्री कॅमेरा लावणाऱ्याला यातले तिन्ही भेटतात. कोमा हा पहिला. कॅमेरा तासभर उघडा ठेवला की ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळे उमटतात, ती पाहून अलातचक्र आठवते. पण इथे कोलित कोणी फिरवत नाही, फिरते ती नाव, म्हणजे आपली पृथ्वी. आर्यभटाने ‘आर्यभटीया’च्या गोलपादात हाच नावेचा दाखला दिला आहे: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात.

पृथ्वी सेकंदाला १५ विकला फिरते. छायाचित्रकारांचा ‘पाचशेचा नियम’ यातूनच आला. ५०० ला फोकल लेंथने भागले की तारे न फराटता किती सेकंद एक्स्पोजर देता येईल ते कळते: १४ मिमीला सुमारे ३५, २४ मिमीला सुमारे २०. हा नियम सैल आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर तेवढ्या वेळात खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सहाएक पिक्सेल सरकतो. काटेकोर माणूस वेळ निम्म्यावर आणतो आणि मग उजेड अपुरा पडतो.

यावर उपाय म्हणून कॅमेऱ्याखाली ट्रॅकर बसवतात. तो पृथ्वीच्या उलट, ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवतो. दोन-चार मिनिटांच्या एक्स्पोजरमध्येही तारे बिंदूच राहतात. पण मग डोंगर फराटतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा धुरकट होतो, कारण आता कॅमेरा आकाशाबरोबर आहे आणि कडा त्याच्या मागून निसटतो आहे. एकाच दीर्घ चित्रात दोघांनाही थांबवता येत नाही. म्हणून आकाश ट्रॅकरवर, जमीन ट्रॅकर बंद करून असे दोन फोटो घेऊन ते जोडले जातात.

जोडलेले चित्र खोटे, असा निकाल घाईचा होईल. जैन तर्कशास्त्रातला एक भेद इथे फार उपयोगी आहे. वस्तूला अनेक अंगे असतात; त्यातले एक धरून केलेले विधान म्हणजे नय. ते बाकीची अंगे नाकारत नाही तोवर ग्राह्य असते. ‘एवढेच आहे, दुसरे काही नाही’ असे ते म्हणू लागले की दुर्नय होतो. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांनी हा फरक नेमका मांडला. १४ मिमीची लेन्स हा एक नय, २४ मिमीची दुसरा, ट्रॅकरवरचे आकाश तिसरा. प्रत्येक काही दाखवते आणि काही सोडते. दोष सुरू होतो तो चित्राने स्वतःची रीत लपवली की.

छायाचित्रकार अन्सेल अ‍ॅडम्स यांच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या चित्राची गोष्ट इथे बोलकी आहे. मावळतीचा उजेड निसटत होता आणि प्रकाशमापक सापडत नव्हता. चंद्राची तेजस्विता ठाऊक होती, त्यावरून अ‍ॅडम्सनी एक्स्पोजर ठरवले. पुढे कित्येक दशके ते या निगेटिव्हच्या प्रती काढत राहिले आणि आकाश अधिकाधिक काळे करत गेले. उत्तरकाळच्या प्रतींत ते जवळजवळ रात्रीचे वाटते. हा बदल लहान नाही. तरीही १९९१ मध्ये डेनिस डि चिको यांनी चंद्राच्या जागेवरून गणित मांडले आणि ते चित्र १ नोव्हेंबर १९४१ रोजी दुपारी ४ वाजून ४९ मिनिटांनी घेतले गेले, हे दाखवून दिले. आकाशाची छटा अ‍ॅडम्सची होती. चंद्र, डोंगर आणि वेळ यांचे नाते मात्र तसेच राहिले होते, म्हणून पन्नास वर्षांनीही चित्राला प्रश्न विचारता आला आणि त्याने उत्तर दिले. छायाचित्राच्या खरेपणाची ही कसोटी घट्ट आहे: त्याची उलटतपासणी करता आली पाहिजे.

मोठा चंद्र दाखवणाऱ्या चित्रांवर ही कसोटी लावून पाहता येते. सेन्सरवर चंद्राचा व्यास फोकल लेंथच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढा पडतो. १४ मिमीवर तो ०.१३ मिमी, ४०० मिमीवर ३.६ मिमी, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा दहावा हिस्सा. २० मीटर रुंदीच्या बुरुजामागे तेवढाच रुंद चंद्र हवा असेल तर सुमारे २.२ किमी लांब उभे राहावे लागते. असे चित्र कितीही अचाट वाटले तरी खरे आहे. नकाशा आणि फूटपट्टी घेऊन कोणीही ती जागा शोधू शकेल. १४ मिमीच्या भूदृश्यावर ४०० मिमीचा चंद्र चिकटवला आणि तसे सांगितले नाही, तर तीच फूटपट्टी ते चित्र खोडून काढते. २०२३ साली एका मोबाइलधारकाने संगणकाच्या पडद्यावर मुद्दाम धूसर केलेला चंद्र लावून त्याचा फोटो घेतला, तर फोनने समोर नसलेले बारकावे त्यात भरले. ती खूण चंद्राची नव्हतीच.

या कसोटीचा संबंध फक्त छायाचित्रकारांच्या सचोटीशी नाही. भंडारदऱ्याहून टिपलेल्या आकाशात क्षितिजालगत शहरांच्या दिव्यांचा पिवळट उजेड येतो. संगणकावर तो पुसणे सोपे आहे आणि पुसलेले चित्र अधिक सुंदर दिसते. पण ज्या उजेडाने आकाशगंगा हिरावून घेतली, त्याचा पुरावा त्याबरोबर जातो. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ही मान्यता मिळाली, ती आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवण्यासारख्या खटपटींनंतर. असे काम आणखी कुठे व्हायला हवे हे ठरवताना रुंद लेन्सने टिपलेले, न पुसलेले क्षितिज उपयोगी पडते. म्हणून लेन्स १४ मिमीची घ्या की २४ मिमीची, चित्राखाली फोकल लेंथ, अ‍ॅपर्चर, सेकंद, जागा, वेळ आणि जोडकाम केले असल्यास तेही लिहावे. त्या एका ओळीच्या आधारे दहा वर्षांनी कोणी त्याच कड्यावर तशीच लेन्स घेऊन उभा राहील आणि उजेड वाढला की घटला ते मोजू शकेल.